ऑर्डर १५००, पोटात ११२५

मी हॉस्पिटलात डायटिशियन. आजचा दिवस आयसीयूत फीडच्या, म्हणजे पंपाने नळीतून पोटात सोडायच्या पातळ जेवणाच्या, चार्टशी मारामारी करण्यात गेला. कॉलेजात हे गणित दोन मिनिटांचं असायचं, वजन ६० किलो, किलोमागे २५ कॅलरी म्हणजे १५००, फीड एका मिलीला एक कॅलरीवालं, २४ तासांनी भागलं की तासाला साधारण ६३ मिली, झालं, पुढचं गणित. इथे सकाळी पेशंटला सीटी स्कॅनला नेलं, फीड बंद. परत आणला तर ट्यूब चोंदलेली. ती मोकळी करेपर्यंत कोणीतरी सांगितलं की प्रोसीजर आहे, उपाशी ठेवा, आणि मग ती प्रोसीजरच पुढे ढकलली. सगळं धरून सहा तास पंप बंद, म्हणजे ३७५ कॅलरी गेल्या, आणि फाईलमध्ये मात्र रुबाबात '१५०० चालू'. रोज असंच झालं तर आठवड्यात पावणेदोन दिवसांचं जेवण गायब, आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही कारण कागद तर बरोबरच आहे!

आमच्या सीनियर मॅडम म्हणून आधी पंपावरचा टोटल बघतात, ऑर्डर नंतर. राहिलेलं फीड उरलेल्या तासांत वाटून स्पीड वाढवायचा, अर्थात पेशंटला झेपणार असेल तरच.

उलटाही घोळ असतोच. प्रोपोफॉल, ते दुधासारखं पांढरं झोपेचं औषध, ते फॅटमध्येच बनवलेलं असतं, एका मिलीत १.१ कॅलरी. तासाला १५ मिली चालू असेल तर दिवसाला जवळजवळ ४०० कॅलरी औषधातूनच आत जातात. ते फीडमधून वजा केलं नाही तर जास्तीचं होतं. मी औषधांचा चार्ट वाचत बसले की नवे लोक विचारतात, तुम्ही जेवणवाल्या ना, इथे काय बघताय.

वॉर्डात पंप नसतो, तिथे ट्रे. नर्सिंग चार्टवर 'जेवण घेतलं' एवढंच लिहिलेलं असतं, पण दोन घास पण घेतलंच आणि सगळं ताट पण घेतलंच. मी आता ट्रे परत न्यायच्या वेळेलाच राउंड मारते. गिळायला त्रास होणाऱ्या एका आजींचा ग्लास रोज भरलेलाच परत येतोय. त्यांना पाणी घट्ट करून द्यायचंय, ते बरोबर झालंय का बघायला १० मिलीच्या सिरिंजमधून १० सेकंद सोडून बघतो, मागे ४ ते ८ मिली उरलं की घट्टपणाची लेव्हल दोन, त्यांना हवी तीच. टेस्ट एकदम पास, पण आजींना ते बुळबुळीत पाणी आवडत नाही म्हणून त्या पीतच नाहीत, आणि मग डिहायड्रेशन. स्पीच थेरपिस्टशी बोलले, घट्टपणा थोडा कमी करून चालेल का ते त्या परत तपासणारेत.

डायलिसिसवाल्या काकांचं वेगळंच. आधी किडनीसाठी प्रोटीन कमी करा म्हणून सांगितलेलं, किलोमागे ०.६ ग्रॅमच्या आसपास. आता डायलिसिस सुरू झालं, त्यात प्रोटीन निघून जातं, म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हवं. काका म्हणाले, "काल नको म्हणता, आज खा म्हणता, नक्की कोणाचं ऐकू?" रास्त आहे की! कारण कोणी समजावलंच नव्हतं, नुसता नवा कागद हातात दिलेला, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि जुनंच चालू ठेवलं. आज अर्धा तास बसून बोलले तेव्हा कुठे पटलं.

उद्याची केस मात्र डोक्यातून जात नाहीये. दहा दिवसांच्या वर जवळजवळ काहीच न खाल्लेला पेशंट, वजन ४५ किलो. इथे कमीच द्यायचंय, किलोमागे १० पासून सुरुवात म्हणजे ४५० कॅलरी, फीडच्या आधी थायमिन (व्हिटॅमिन बी१). एकदम भरपूर दिलं तर इन्सुलिन वाढतं, फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत खेचलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. हे मुलाला कसं सांगायचं? तो आत्ताच म्हणतोय, मॅडम, बाबा इतके दिवस उपाशी आहेत आणि तुम्ही एवढंसंच देणार? सकाळी आधी फॉस्फेटचा रिपोर्ट बघते, मग त्याच्याशी बोलते.