हरभराचा नव्हे, हरभऱ्याचा

नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी आम्ही बाजारभावाचं ॲप केलं होतं. रिॲक्टमध्ये, म्हणजे स्क्रीन बनवायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, आणि सगळा मजकूर इंग्रजीत, थेट कंपोनंटांतच, म्हणजे स्क्रीनच्या तुकड्यांच्या कोडमध्येच लिहिलेला. त्यात मराठी-हिंदी आणायचं काम माझ्याकडे आलं.

रिॲक्ट-आय१८नेक्स्ट ही भाषांतराची लायब्ररी बसवणं, मजकूर कोडबाहेर जेसन फायलींत हलवणं, तिथून तो आणणारं यूजट्रान्सलेशन हे फंक्शन (हुक) जागोजागी घालणं हे सगळं आठवड्याभरात उरकलं. वेळखाऊ, पण अवघड नाही.

अडलं ते पुढेच. 'अमुकचा आजचा भाव' असं एकच वाक्य लिहून अमुकच्या जागी मी पिकाचं नाव येऊ दिलं. तपासलं सोयाबीनवर. 'सोयाबीनचा आजचा भाव', अगदी बरोबर. मग फोन घेऊन बाजारात गेलो. हरभऱ्याच्या ढिगाजवळ उभ्या असलेल्या एका काकांनी स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, "हरभराचा? असं कोनी म्हन्ते का भाऊ? हरभऱ्याचा म्हना." खालीच 'तूरचा आजचा भाव' होतं. मला फार वाईट वाटलं. शाळेत शिकलेलं सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना नामाचं होणारं रूप, मी विसरलोच होतो आणि सोयाबीन नेमकं तसंच राहणारं नाव असल्यामुळे चूक दिसली नव्हती.

परत येऊन प्रत्येक पिकापुढे दुसरं रूप साठवलं: हरभरा-हरभऱ्या, तूर-तुरी, संत्रा-संत्र्या. प्रत्यय आता त्यालाच लागतो. हिंदीतही तेच करावं लागलं, 'चना का' नाही, 'चने का'.

तुरीने आणखी एकदा दमवलं. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाची, बाहेर जाईल ते झाकलेलं. त्यामुळे खालचा ऊकार कापला जाऊन 'तूर'चं 'तर' झालं होतं. ठरावीक उंची काढली, ओळीची उंची वाढवली, तेव्हा ऊकार दिसला. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार अशी दोन्हीकडे जागा लागते, हे डिझाइन करतानाच धरायला हवं.

आकड्यांचं मात्र ब्राउझरच बघतो. मराठी सांगितलं की ५,४०० देवनागरीत येतं, हिंदी सांगितलं की इंग्रजी आकड्यांत.

आता नवीन पीक भरायच्या फॉर्ममध्ये दोन रकाने आहेत, नाव आणि सामान्यरूप. दुसरा रिकामा ठेवला तर पीक सेव्हच होत नाही. सोयाबीनसाठीसुद्धा.