गुलगुथा: दगडखाणीत उभं राहिलेलं चर्च

कोल्हापूरहून यरुशलेमच्या यात्रेला जाणाऱ्यांचा पवित्र कबरेच्या, म्हणजे येशूला जिथं पुरलं असं मानतात तिथल्या चर्चमधला बहुतेक वेळ रांगेत जातो. ज्या खडकामुळं हे चर्च तिथं आहे, तो पाहायचाच राहतो.

ही जागा मुळात चुनखडीची खाण. आपल्या काळ्या पाषाणापुढं तो दगड मऊ. छिन्नीनं चर खोदला की ठोकळा सुटतो. पाथरवटांनी चांगला दगड नेला आणि भेगाळलेला, कामाला न येणारा सुळका तसाच सोडला. तोच गुलगुथा, येशूला जिथं क्रुसावर दिलं असं मानतात ती जागा. खाण बंद पडल्यावर तिच्या कड्यांत कबरी कोरल्या गेल्या. तेव्हा हा भाग शहराच्या तटाबाहेर होता.

इ.स. 135 नंतर रोमन सम्राट हेड्रियननं इथं भराव घालून देऊळ बांधलं. 325-26 च्या सुमारास सम्राट कॉन्स्टंटाइननं ते पाडून भराव उपसायला लावला. कबर मिळाल्यावर भोवतीचा कडा तासून फक्त तिचा ठोकळा जागेवर ठेवला. वेरूळचं कैलास पाहिलेल्याला ही रीत लगेच कळेल. 335 मध्ये चर्चचं समर्पण झालं.

अंबाबाईचं महाद्वार पश्चिमेला. या चर्चचं मूळ दार पूर्वेला, शहराच्या मुख्य रस्त्यावर. तिथून पश्चिमेकडं चालत आधी बॅसिलिका, म्हणजे लांबट मोठं प्रार्थनागृह, मग चौक, शेवटी कबर. आज आपण दक्षिणेच्या दारानं शिरतो आणि आत दिशाच कळत नाही. कारण 1009 मध्ये इजिप्तचा खलिफा अल-हाकिमनं चर्च पाडलं, खडकातली कबरही बरीचशी फोडली. 1048 पर्यंत कबरेवरचा गोल भाग पुन्हा उभा राहिला, पण मोठी बॅसिलिका कायमची गेली. उरलेलं क्रुसेडरांनी, म्हणजे यरुशलेम जिंकलेल्या युरोपातल्या ख्रिस्ती योद्ध्यांनी, एका छताखाली आणलं. त्याचं समर्पण 1149 मध्ये झालं.

कबरेवरची छोटी संगमरवरी वास्तू 1808 च्या आगीनंतर, 1810 मध्ये बांधलेली. ओलीमुळं लाद्यांमागचा चुना भुसभुशीत झाला, लाद्या फुगून बाहेर आल्या. 1947 मध्ये लोखंडी तुळयांचा पिंजरा ठोकून तिला धरून ठेवावं लागलं. लोखंडानं पडणं थांबलं, पण दुखणं आत तसंच राहिलं. 2016-17 मध्ये अथेन्सच्या तंत्र विद्यापीठानं लाद्या काढल्या, आतलं चुनाकाम बदललं, टायटॅनियमच्या खिळ्यांनी सगळं बांधलं. मगच पिंजरा निघाला.

आत शिरल्यावर उजवीकडच्या उभ्या पायऱ्यांनी आधी गुलगुथ्यावर जावं. पायऱ्या अरुंद आहेत, वयस्कर माणसांना हात द्यावा. उतरल्यावर खालच्या आदामाच्या चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात) काचेमागं भेगेसकट खडक दिसतो. कॉन्स्टंटाइनची आई हेलेना हिच्या चॅपेलखालच्या गुहेत तर जुन्या खाणकामाच्या खुणा आहेत. तिथं अवश्य उतरा. मग कबर. तिच्यामागं सिरियन चॅपेलमध्ये येशूला आपल्या कबरेत ठेवणाऱ्या अरिमथाईकर योसेफाच्या नावानं दाखवतात त्या खडकातल्या कबरी आहेत. इथं पूर्वी दफनभूमी होती, हे सर्वांत स्पष्ट तिथंच दिसतं. आत अंधार असतो, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावूनच वाका.