रोममध्ये फोन-पासपोर्ट चोरीला गेल्यावर: आपल्या गावाकडून एकटे निघणाऱ्यांसाठी

परदेशात एकट्या माणसाचं पाकीट मारलं गेलं, की निस्तरण्याचं अर्धं काम तिथं होतं आणि अर्धं आपल्या गावात. हे गावातलं काम निघण्याआधीच लावून ठेवावं लागतं. वरूड तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी फेब्रुवारीत रोमला जाऊन आलो, तेव्हा हे पुरतं कळलं. आपल्या भागातून आता बरेच जण एकटे निघतात, त्यांच्यासाठी लिहितो आहे.

जाणं सोपं आहे. नागपूरहून दोहामार्गे रोम, विमानतळावरून टर्मिनी स्टेशनपर्यंत अर्ध्या तासाची थेट रेल्वे. स्टेशनजवळ हॉटेल घेतलं, कलोसियम आणि फोरम हे प्राचीन रोमचे अवशेष पोटभर पाहिले.

टर्मिनी ते व्हॅटिकन या वाटेवरची ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी बदनाम आहे. हे वाचून गेलो होतो, बॅग पोटाशी धरलेली होती. तरीही संध्याकाळच्या गर्दीत बसच्या दाराशी एका बाईने नकाशा उघडून पत्ता विचारला, मागून दोघांनी रेटा दिला, थांबा आला आणि तिघंही उतरले. दार लागल्यावर पाहतो तर नकाशाखाली बॅगेची चेन उघडलेली. फोन गेला, पासपोर्ट गेला, परकी चलन भरलेलं फॉरेक्स कार्डही गेलं. यात्रेच्या दिवसांत आपल्या एसटीच्या दाराशी जे होतं, तेच हे. चढता-उतरताना सगळं लक्ष पायरीकडे असतं आणि चोराला तेवढं पुरतं. म्हणून बसमध्ये, मेट्रोत दाराजवळ थांबू नका, आत सरका. पासपोर्ट हॉटेलात ठेवा असं बरेच जण सांगतात, पण इटलीत पोलिसांनी मागितला तर परदेशी माणसाला तो दाखवावा लागतो. जवळ ठेवायचा तर कपड्याच्या आत ठेवा.

माझं सगळं गेलं नाही, ते बंडीमुळे. निघण्याआधी गावातल्या टेलरकडून जाड मांजरपाटाची बंडी शिवून घेतली होती. आतून, काखेच्या खाली दोन खिसे आणि त्यांना काजं-बटणं. त्यात दुसरं कार्ड, थोडे युरो, पासपोर्ट-व्हिसाची झेरॉक्स, माझे फोटो आणि घरचे नंबर लिहिलेला कागद, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवी हवीच, नाहीतर घामाने कागद भिजतो.

बसमधून उतरलो तेव्हा हात थरथरत होते, पत्ता विचारायलाही शब्द फुटेना. असं होणारच. चोराच्या मागे धावू नका आणि लगेच कुठले निर्णयही घेऊ नका. रोमभर पिण्याच्या पाण्याचे लोखंडी नळ अखंड वाहतात. अशाच एका नळाशी पाणी प्यायलो, तोंडावर मारलं, श्वास जागेवर येईस्तोवर बसलो आणि मग चालत हॉटेल गाठलं.

हॉटेलच्या फोनवरून पुतण्याला लावला. तिथं संध्याकाळचे सात, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. संत्र्याच्या आंबिया बहराचं पाणी सुरू होतं, लाइन रात्रीची, त्यामुळे तो बगीच्यातच होता. परदेशी नंबर आपल्याकडे कोणी उचलत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की मी तिकडे असेस्तोवर +३९ ने, म्हणजे इटलीच्या कोडने, सुरू होणारा नंबर आला तर उचल. 'अडकलो आहे, पैसे पाठवा' म्हणून लुबाडणारेही फार, म्हणून घरात खुणेची गोष्टही ठरली होती: आमच्या जुन्या बैलाचं नाव.

"काकाजी, आधी बैलाचं नाव सांगा." मी सांगितलं. "आता निवांत बसा. कागदांचं पाकीट माह्या हाती आहे. एकेक नंबर वाचतो, तुमी लिहून घ्या."

निघण्याआधी घरी देऊन ठेवलेला हा कागदांचा लिफाफा, हे घरचं पाकीट म्हणजे या साऱ्या लेखाचा गाभा आहे. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, प्रत्येक कार्डाचे शेवटचे चार आकडे, परदेशातून लावायचा बँकेचा नंबर, फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक (*#०६# दाबलं की दिसतो), विमा पॉलिसी आणि तिकिटाचा पीएनआर. पिन मात्र कुठेही लिहू नका. पाकीट अशा माणसाकडे द्या जो अर्ध्या रात्री फोन उचलेल आणि रडारड करणार नाही. माझ्या बाबतीत तो माणूस बायको नव्हती, भाऊ नव्हता, पुतण्या होता. घरात मान कोणाला, हे इथं पाहू नका.

पहिला फोन बँकेला करा आणि तक्रार नंबर लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातात त्यांचा भार ग्राहकावर येत नाही. म्हणून मिनिटं मोलाची. मग सिम बंद करा, त्यानंतर ईमेलचा पासवर्ड बदला. डुप्लिकेट सिमसाठी स्वतः हजर राहावं लागतं, तेव्हा घरी पोचेस्तोवर ओटीपी विसरा. दुसरं कार्ड वेगळ्या जागी हवं ते यासाठीच: मशीनमध्ये घालून पिन दाबला की ते ओटीपीशिवाय चालतं. जिल्हा बँकेचं कार्ड तिकडे चालेल असं धरून जाऊ नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्या कार्डाचा परदेशी वापरही निघण्याआधी सुरू करून ठेवा.

घरून पैसे येतील या भरवशावरही राहू नका. तालुक्याच्या ज्या मनी ट्रान्सफरच्या दुकानात आखातातून पोरांचे पैसे येतात, ती सोय देशात पैसे येण्यापुरती आहे, बाहेर पाठवण्यासाठी नाही.

सकाळी पोलीस ठाणं. ११२ हा नंबर जिवावर बेतलं तर लावायचा. चोरीची तक्रार पोलिसांकडे किंवा काराबिनिएरी या तिथल्या लष्करी पोलीस दलाकडे जाऊन द्यायची. पासपोर्ट क्रमांक आणि आयएमईआय नोंदवून घ्या, 'हरवलं' नाही तर 'चोरी झाली' असंच लिहिलं आहे ना हे विचारून पाहा, आणि शिक्क्याच्या जादा प्रती मागा. दूतावास, विमा, विमान कंपनी, नागपूरचं पासपोर्ट कार्यालय, प्रत्येकाला ती लागते.

आपला दूतावास व्हिया व्हेंती सेत्तेंब्रे या रस्त्यावर आहे, टर्मिनीहून चालत जाता येतं. शनिवार-रविवारी नेहमीचं काम बंद. तक्रारीची प्रत, झेरॉक्स आणि फोटो दिल्यावर आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. त्यावर फक्त भारतात परत येता येतं, पुढे कुठे जाता येत नाही. फ्लॉरेन्सचं बुकिंग सोडावं लागलं, त्याचं वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. वाट पाहण्यातला रविवार मी खोलीत काढला नाही. सेंट पीटर्सच्या भव्य चर्चमध्ये प्रवेशाला पैसे लागत नाहीत. तिथं मायकेलअँजेलोच्या पिएता या शिल्पाजवळ बराच वेळ उभा राहिलो. मांडीवर मुलाचं निष्प्राण शरीर घेतलेली ती आई पाहताना गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा चोरीचा विचार डोक्यातून गेला. एकट्याने खोलीत बसून तेच तेच आठवत राहू नका, बाहेर पडा.

परतीचं तिकीट दुसऱ्या देशामार्गे असेल तर त्या प्रमाणपत्रावर मधल्या विमानतळावरून जाऊ देतील का, हे विमान कंपनीला आधीच विचारा. शेंगेन व्हिसासाठी (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो, पण पासपोर्ट चोरीचं कलम त्यात वेगळं असतं. पॉलिसी घेतानाच ते एजंटकडून वाचून घ्या, आणि पासपोर्टसाठी झालेल्या प्रत्येक खर्चाची पावती जपून आणा. नागपूरला नव्या पासपोर्टचा अर्ज करताना इटलीतल्या तक्रारीची मूळ प्रत देऊन टाकू नका, आधी झेरॉक्स पुढे करा. विम्याचं काम तोवर संपलेलं नसतं.