फॉर्ममध्ये नवऱ्याचा रकानाच नाही

मानखुर्दच्या एका वस्तीत गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचा कॅम्प होता. मोठं मशीन वगैरे काही नसतं, पातळ ॲसेटिक ॲसिड कापसाने लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि लाईट मारून बघायचं, पेशी बदलायला लागल्या असतील तर तेवढाच भाग पांढरा पडतो. टाटा मेमोरियलने मुंबईच्याच वस्त्यांत दीड लाख बायकांच्या अभ्यासात हे वापरलं, तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

तर त्या दिवशी चाळिशीतल्या एका ताईंना पांढरा डाग दिसला. पंधराव्या वर्षी लग्न, चार बाळंतपणं. म्हटलं घाबरू नका, हा कॅन्सर नाही, पण दुर्बिणीतून बघून तुकडा तपासावा लागेल. तर त्या एकदम रडायलाच लागल्या, "सिस्टर, देवाशपथ, नवरा सोडून मी कोणाकडे बघितलं पण नाही!"

आता यात त्यांची काय चूक, आमच्या फॉर्मवरच विचारलेलं असतं, जोडीदार किती. तेही सासू शेजारी बसलेली असताना! कोण बाई खरं सांगणार? आणि नवऱ्याचे किती, हा रकानाच नाही.

मग पडद्यामागे नेऊन समजावलं, की हे होतं एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे, तो संबंधातून लागतो, एकाच माणसाकडून पण येतो, नवऱ्याला तो लग्नाआधीच लागलेला असू शकतो आणि कळतसुद्धा नाही. बहुतेक बायकांच्या अंगातून दोनेक वर्षांत आपोआप जातो, काहींच्यात ठाण मांडून बसतो. कमी वयात संबंध सुरू झाले, जास्त बाळंतपणं झाली, बिडी-सिगारेट असली, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती कमी असली तर धोका वाढतो, गर्भनिरोधक गोळ्या पाच वर्षांच्या वर घेतल्या तरी थोडा वाढतो. यात चारित्र्याचा काय संबंध?

बायोप्सीत सीआयएन २ निघालं, म्हणजे कॅन्सरच्या आधीची पायरी, तारेच्या लूपने तेवढा भाग काढला, त्याच दिवशी घरी. फॉलोअपला आल्या तेव्हा विचारलं, "यांची तपासणी कुठे करायची?" म्हटलं ताई, पुरुषांसाठी अशी रुटीन टेस्टच नाही.

"म्हणजे टेबलावर झोपायचं परत आम्हीच," म्हणाल्या आणि पुढची तारीख लिहून घेतली.