तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

"सासूबाईंचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत कच्छला कसे काय गेलात?" हे मला लिफ्टमध्ये विचारून झालं, भाजीवाल्यासमोर विचारून झालं, फोनवर तर विचारूच नका. यांना मात्र एकानेही विचारलं नाही, आई यांची होती तरी.

सण केले नाहीत हो आम्ही, दिवाळीत कंदीलसुद्धा लावला नाही. पण कच्छचं रण काही आपल्या सोयीने सुकत नाही. पावसाळ्यात तिथे पाणी भरतं, ते आटून पांढरं मीठ वर यायला हिवाळा उजाडतो आणि फेब्रुवारीनंतर ऊन सोसत नाही. वर्ष थांबायचं म्हणजे पुढचा हिवाळा, तोवर यांच्या गुडघ्याची गॅरंटी कोण देणार? लग्नानंतर 'समुद्र आणि वाळवंट, दोन्ही एकदमच बघू' म्हणत होतो, मग मुलं, मग लोन, मग आईंचा पॅरालिसिस.

मांडवी झकास. रुक्मावतीच्या काठावर अजून लाकडी जहाजं बांधतात, घराएवढी, हे तिथेच तासभर उभे. दाबेली खाल्ली, ती मूळची तिथलीच म्हणतात.

मग धोरडो, पांढऱ्या रणाच्या काठचं गाव. वाटेत भिरंडियाराला रणात जायचं परमिट, मावा, सगळं रीतसर. सूर्य टेकला होता, आजूबाजूला उंटगाड्या, सेल्फी, आणि यांच्या खिशात अलार्म वाजला, 'आई फीड'. आईंना राइल्स ट्यूबमधून, नाकातल्या नळीतून, दर दोन तासांनी द्यायचो ना, त्याचा. म्हटलं, अहो अजून काढला नाहीत? तर म्हणाले, राहू दे. मला काय झालं माहीत नाही, मी तिथेच मिठावर उभी राहून ओरडले, की अलार्म तुमच्या फोनमध्ये होता पण उठत मी होते, रात्रीचं दोनचं फीड कुणी दिलं, सांगा. लोक बघत होते. हे म्हणाले, "सुटलीस ना आता?"

हो म्हणाले मी. सुटलेच. आणि तुम्हीपण सुटलात, म्हणून तर रिझर्व्हेशन तुम्ही काढलंत, मी नाही. त्यावर ते जे रडायला लागले, दहाव्याला रडले नव्हते तेवढे, आणि मी जवळ गेले नाही. रागच आला होता. एक उंटवाला येऊन विचारतो, साहेबांना पाणी देऊ का.

हॉटेलवर येऊन जेवलो. दुसऱ्या दिवशी काळा डुंगर बघितला, बोललो नेहमीसारखं.

आता तुम्ही म्हणाल, माझ्या चुलत जावेने सासरे गेल्यावर महिन्याभरात महाबळेश्वर केलं तेव्हा नावं ठेवणारी मीच होते. होते की. तेव्हाच्या मला आत्ताची मी पटवू शकणार नाही, प्रयत्नही करणार नाही. कारण खरं सांगू का, तिचं जाणं मला अजून खटकतं. माझं नाही खटकत. आता ते का, हे मला लिफ्टमध्ये विचारू नका.