तात्याआजोबांच्या नावाखाली

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार असं कळलं, म्हणून जुनी प्रत कपाटातून काढली. माझे चुलत आजोबा, तात्या, यांच्या नावापाशी ती फांदी थांबते. खाली एकच शब्द: निपुत्रिक. तात्यांना तीन मुली. मधली, माझी आत्या, गुहागरला त्यांचं आगर आजही सांभाळते. पोफळींचं शिंपणं, सुपारी काढणं, सगळं तिच्या देखरेखीखाली.

त्याच सुमारास लंडनला शिकणाऱ्या भाचीने टेंपल चर्चमधला एक फोटो पाठवला होता. दगडात कोरलेला, उताणा निजलेला सरदार, अंगावर चिलखत. विल्यम मार्शल, मृत्यू 1219. कोण हा, म्हणून शोधायला बसले आणि चार महिने त्याच घराण्यात अडकले.

हा धाकट्या मुलांपैकी एक, वाट्याला जमीन नाही. पाचेक वर्षांचा असताना बापाने इंग्लंडचा राजा स्टीफन याच्याकडे ओलीस ठेवला होता. पुढे तलवारीच्या जोरावर वर आला, पण मोठी दौलत मिळाली ती 1189 मध्ये इसाबेल द क्लेअरशी लग्न झाल्यावर. इसाबेलची आई ईफा, आयर्लंडमधल्या लेन्स्टरच्या राजाची मुलगी. म्हणजे तिकडची जमीन या घरात आली तीच मुळी माहेरकडून.

विल्यमला पाच मुलगे, पाच मुली. मुलगे एकामागून एक पेम्ब्रोकच्या अर्लपदाचे, म्हणजे तिथल्या सरदारकीचे, वारस झाले आणि पाचही जणांच्या मागे औरस मूल नाही. गिल्बर्ट 1241 मध्ये घोड्यावरच्या झुंजीत गेला. वॉल्टर आणि अन्सेल्म 1245 च्या अखेरीस महिन्याभराच्या आत गेले. आयर्लंडमधल्या फर्न्सच्या बिशपने शाप दिला होता, असं तिथले लोक म्हणत. वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडेही पाळणा हलला नाही की आधी कुणाचा तरी तळतळाटच शोधतात.

आमच्या पद्धतीने लिहायचं तर मार्शल घराणं इथे संपलं. पण तिथला कायदा असा, की मुलगे नसतील तर मुलींना सारखे वाटे. मॉड, इसाबेल, सिबिल, ईव्हा, जोन. पाच मुली, पाच वाटे. सिबिलला सात मुली, म्हणून तिच्या पाचव्या हिश्श्याचे परत सात भाग! जमिनीसाठी का होईना, प्रत्येकीचं नाव, नवरा, लेकरं कागदावर आली. त्या काळी राजाकडून थेट जमीन मिळालेला माणूस मेला की गावच्या मंडळींना शपथेवर विचारत: जमीन किती, वारस कोण, वय काय. आपल्या तलाठ्याच्या वारस तपासासारखंच. या नोंदी होत्या म्हणून आठशे वर्षांनंतर मला गुहागरात बसून इसाबेलची फांदी खाली उतरवता आली: तिची मुलगी, तिचा मुलगा, त्याचा मुलगा रॉबर्ट ब्रूस. 1306 मध्ये स्कॉटलंडचा राजा झाला तो. विल्यम मार्शलचा खापरपणतू, आणि तो लेकीकडून. हे कागदावर जुळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

कुलवृत्तांताच्या मंडळींना मी पत्र लिहिलं आहे. निपुत्रिक हा शब्द काढा आणि मुलींची नावं, त्यांची मुलं, नातवंडं खाली घ्या. सोबत तक्ता जोडायचा, म्हणून पेन्सिलीने काढून आत्याकडे घेऊन गेले.

खळ्यात सुपारी वाळत होती. आत्याने हात पदराला पुसले, चष्मा लावला, कागद गुडघ्यावर धरला. तात्यांच्या नावाखालच्या तीन रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आमच्या पाठीवर आणखी एक होती गो. बाराव्याच्या आतच गेली, नाव ठेवायचं राहिलं. तिचीपण रेघ काढ."

पेन्सिल तिच्याच हातात दिली.