मास्टर सिलिंडर बदलूनही पॅडल मऊच

कुंभार्ली घाट मी वर्षातून सात-आठ वेळा तरी उतरतो. नोकरी कराडला, आई चिपळूणला. गाडी २००३ सालची मारुती ८००, वडिलांनी घेतलेली. ते गेल्यावर ती विकायचा विषय घरात दोनदा निघाला, दोन्ही वेळा मीच नको म्हणालो.

गेल्या पावसाळ्यानंतर ब्रेकचं पॅडल मऊ लागायला लागलं. ब्रेक लागतच नव्हता असं नाही. पण पाय पूर्वी जिथे टेकायचा तिथे टेकेना. अर्ध्याच्याही खाली जायचा आणि ओल्या गादीवर दाब दिल्यासारखं वाटायचं. सपाटीवर गाडी चालवताना या मऊपणाची सवय होऊन जाते, आणि तेच धोक्याचं. घाटात एका वळणावर समोरून एसटी आली तेव्हा गाडी थांबली, पण मला हवी होती तिथे नाही, चार हात पुढे. शेजारी लेक बसली होती. ती काही बोलली नाही, तिने फक्त डॅशबोर्डला दोन्ही हात टेकवले. तिथून पोफळीपर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो.

गॅरेजमध्ये आधी ब्रेकच्या ऑइलमध्ये अडकलेली हवा काढली. फरक नाही. मग ‘मास्टर सिलिंडर गेलाय’ म्हणून तो, म्हणजे पॅडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, नवा बसवला, पुन्हा हवा काढली. तरीही पॅडल तसंच. शेवटी उत्तर मिळालं, “जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच.” खिडकीची काच वर जात नसेल तर चालेल. ब्रेकचं नाही चालणार.

शेजारचे काका एसटीत ड्रायव्हर होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मास्तर, पंप मारल्यावर पाय वर येतो का?” मला सांगता येईना. मी कधी लक्षच दिलं नव्हतं. त्या प्रश्नाने माझी दिशा बदलली. कुठला भाग खराब असेल याचा अंदाज बांधण्याआधी पॅडल नेमकं कसं वागतंय हे मी पाहायला लागलो.

ब्रेकमध्ये पायाचा दाब चाकापर्यंत ऑइलमार्फत जातो, आणि द्रव दाबला जात नाही. म्हणजे पायाखाली जे दबतंय ते ऑइल नाही. एकतर लाइनमध्ये हवा आहे, नाहीतर काहीतरी ताणलं जातंय, फुगतंय. किंवा मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरांवरून ऑइल मागे सरकतंय. किंवा मागच्या चाकांच्या ड्रममधले शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे, इतके आत राहिलेत की त्यांना बाहेर ढकलण्यातच पॅडलचा प्रवास संपतो. प्रत्येकाचं लक्षण वेगळं असतं.

पहिली परीक्षा काकांचीच. दोन-तीन झटपट पंप मारले की पॅडल वर येऊन कडक झालं, तर हवेचा नाहीतर शूच्या ॲडजस्टमेंटचा संशय घ्यायचा. माझं पॅडल जेमतेम बोटभर वर आलं, मऊपणा तसाच. दुसरी, इंजिन चालू ठेवून पॅडलवर एकसारखा दाब धरायचा आणि साठपर्यंत मोजायचं. पाय हळूहळू खाली सरकत गेला आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडर आतून सोडतोय. माझा पाय जिथे होता तिथेच राहिला. ही परीक्षा जुना सिलिंडर काढण्याआधी केली असती तर कदाचित तो खर्च वाचला असता.

पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचंही बघितलं. इंजिन बंद ठेवून पॅडल कडक होईपर्यंत पंप मारले, पाय दाबून धरला आणि इंजिन सुरू केलं. पॅडल थोडंसं खाली गेलं. ते जायलाच हवं, ती बूस्टर काम करत असल्याची खूण आहे. पुष्कळ जण यालाच बिघाड समजतात. बूस्टर गेला तर पॅडल मऊ होत नाही, दगडासारखं होतं.

घाटात ऑइल उकळून वाफ झाली असेल, अशीही शंका होती. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ३ दर्जाचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा १४० अंशांवर येते. मात्र वाफेमुळे मऊ झालेलं पॅडल गाडी थंड झाल्यावर सावरतं. माझं पहाटे अंगणातसुद्धा मऊच होतं.

मग रविवारी गाडी जॅकने उचलून लोखंडी स्टँडवर घेतली. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका, कितीही घाई असली तरी. पुढची दोन्ही चाकं काढली. पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढच्या प्रत्येक कॅलिपरला, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाला, एक रबरी नळी येते. या नळ्या गाडीइतक्याच जुन्या होत्या आणि त्या बदलायच्याच असं मी ठरवून बसलो होतो, म्हणूनच पुढचा प्रयोग केला. चांगली नळी अशी आवळू नये, आतला थर दुखावतो.

दोन्ही नळ्या गोल, गुळगुळीत तोंडाच्या शिकंज्याने आवळल्या. लेकीला म्हटलं, दाब. “बाबा, एकदम वर आलं! कडक लागतंय.” म्हणजे नवा मास्टर सिलिंडर बरोबर, मागची बाजूही बरोबर. उजवीकडचा शिकंजा सोडला. पॅडल कडकच. डावीकडचा सोडला, आणि तीच गादी परत.

आता डावीकडच्या कॅलिपरमध्ये हवा, की नळीच खराब? कॅलिपरवरच्या, हवा काढायच्या निपलला पारदर्शक पाइप लावून दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलं. दाब, धर, मी निपल सोडतो, ऑइल येतं, निपल बंद, मगच सोड. हा क्रम चुकला की हवा उलटी आत जाते. एकही बुडबुडा आला नाही. मग मी नळी नुसती बोटांच्या चिमटीत धरली आणि लेकीला पुन्हा दाबायला सांगितलं. चिमटीत नळी फुगली. मनगटावरची नाडी लागावी तशी स्पष्ट, प्रत्येक दाबाला. उजवीकडची नळी धरून पाहिली, ती ढिम्म. इतके महिने पायाखाली जे दबत होतं ते माझ्या बोटांत होतं. लेक उतरून आली, तिनेही धरून पाहिलं, आणि मी आत बसून पॅडल दाबलं.

वरून नळी धडधाकट दिसत होती. वाकवल्यावर लोखंडी टोकाजवळ बारीक भेगा दिसल्या. नळीत रबराच्या आत विणलेल्या दोऱ्याचा थर असतो, तोच तिला फुगू देत नाही. तो ढिला पडला की नळी गळत नाही, ऑइल कमी होत नाही, आणि म्हणूनच कुणाचं तिकडे लक्ष जात नाही.

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, पण सुटे भाग अजून सहज मिळतात. नळ्या जोडीनेच बदलल्या, जोडाचे वॉशरही नवे. ऑइल सीलबंद डब्यातलंच घेतलं, आणि बाटलीत काढलेलं जुनं परत टाकीत ओतलं नाही. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकांची हवा काढली. या वेळी पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता. जुन्या गाडीत पॅडल तळापर्यंत दाबलं की मास्टर सिलिंडरची रबरं कधी न गेलेल्या, गंज धरलेल्या भागावरून जातात आणि फाटतात. माझा सिलिंडर नवा होता, तरी लेकीला सवय लागावी म्हणून ठेवला. बॉनेटवर ऑइलचा थेंब पडला तो लगेच पाण्याने धुतला, नाहीतर रंग उतरतो.

आधी अंगणातच चालण्याच्या वेगात ब्रेक दाबून पाहिला, मग रिकाम्या रस्त्यावर, आणि प्रत्येक वेळी उतरून जोड पुसून बघितले. आठ दिवसांनी चिपळूणला निघालो. त्या वळणावर या वेळी समोरून कुणीच आलं नाही, तरी मी ब्रेक दाबला. पाय वरच टेकला. लेक खिडकीतून कोयनेकडचे डोंगर बघत होती, दोन्ही हात मांडीवर.